संध्याकाळच्या कपड्यांचे गफूरचाचा

बोट कुठवर आली हे गफूरचाचा साहेबांच्या कपड्यांवरून सांगत. आमच्या इस्त्रीखोलीला खिडकी नव्हती. वर ऊन आहे की सांज झाली, किनारा दिसतो की नुसतं पाणी, खाली काही कळायचं नाही. पण संध्याकाळच्या जेवणाचे कपडे खाली येऊ लागले की चाचा एकेक कोट उचलून बघत आणि म्हणत, "पांढरा कोट उनात, सुकलाल. सुवेझ गयं मांगे." सुवेझ मागे पडलं की उकाड्यामुळे साहेबांचे काळे कोट जाऊन पांढरे येत. नाहीतर चाचा म्हणत, "आज कोनी काहीच धाडं नही. पेट्या भराई गयात. सकाळे मुंबई." पहिल्या रात्री आणि शेवटच्या रात्री साहेबलोक साध्या कपड्यांत जेवतात, कारण सामान बांधलेलं असतं. बाकी रोज रात्री नियमाचा पोशाख. हे मला चाचांनी पहिल्याच खेपेला शिकवलं.

मी नंदुरबारजवळच्या कोरीटचा, परटाचा. मराठी तिसरीत शाळा सुटली. आज मोंबासात कपडे धुण्याचं दुकान चालवून पोटाला खातो आहे, ते त्या माणसाने मला बोटीवर चढवलं म्हणून. त्यांच्याविषयी लिहायचं फार दिवस मनात होतं, पण हात धजत नव्हता. वाटायचं, आपण लिहिलं आणि चुकलं तर ते चाचांच्या नावावर जाईल.

चाचा खुद्द नंदुरबारचे. मुंबई ते विलायत जाणाऱ्या एका मोठ्या उतारूबोटीवर वरच्या वर्गाच्या कपड्यांना इस्त्री करणं हे त्यांचं काम. मला त्याच बोटीच्या धुलाईखान्यात त्यांनी लावून दिलं, तेव्हा मी एका पोरीचा बाप होतो आणि कोरीटला चार भावांत एकच घाट वाटून खात होतो. मुंबईच्या गोदीत बोट पाहिली आणि मी जागीच थबकलो. एवढं लोखंड पाण्यावर राहील कसं? मी मागे वळलो तर चाचांनी धोतराचा सोगा धरला.

"तापी देखेल शे ना?"

"हो."

"मंग. ह्या बी पानीच शे. फक्त पल्ला काठ जरा दूर शे."

उंच, हडकुळा माणूस. इस्त्री तापली की नाही हे गालाजवळ धरून बघायची सवय, त्यामुळे डावा गाल उजव्यापेक्षा काळा. स्वतःचे कपडे मात्र कायम चुरगळलेले. कुणी बोललं तर म्हणत, "हलवाई आपलाच पेढा खास का?"

इस्त्रीखोलीत ते चपला घालत नसत. कोट उचलताना दोन्ही खांद्यांत हात घालून उचलत, झोपलेल्या माणसाला उठवावं तसा.

ते बोटीवर लागले तेव्हा म्हणे रोज रात्री साहेबांना मागे शेपटी असलेला काळा कोट घालावा लागे. आत पांढरं जाकीट, गळ्याला पांढरा बो, आणि शर्टाची छाती खळ घालून अशी कडक की बोटाने टिचकी मारली तर टक् वाजलं पाहिजे. पहिल्या मोठ्या लढाईनंतर शेपटी गेली. आखूड काळा कोट आला, काळा बो आला. मग छाती मऊ झाली. चाचांना हे घरातलं कुणी गेल्यासारखं लागलं होतं.

"शेपटी गयी," ते म्हणत. "छाती गयी. आते कॉलर जाई, मंग कोट जाई. एक दिन ह्या साहेब लंगोटीवर जेवाले बसतीन, आन मी लंगोटीले इस्त्री करसू."

पेद्रू नावाचा गोव्याचा वाढपी आमच्या खोलीत चहा प्यायला यायचा. तो म्हणायचा, "चाचा, लंगोटी आली तर तुमचं काम कमी होईल, नाचा की."

"काम कमी व्हयनं म्हंजे मानूस बी कमी व्हस, पेद्रू."

एकदा एक म्हातारा फौजी साहेब बऱ्याच वर्षांनी बोटीवर आला. दुसऱ्या रात्री शेपटीचा कोट घालून जेवायला गेला आणि बघतो तर अख्ख्या दालनात तसा कोट त्याचा एकट्याचाच. बायका पंख्याआड हसल्या असाव्यात. तो तसाच मागे फिरला, चाचांना खोलीत बोलावलं आणि कोट पुढे फेकून खुणेनेच सांगितलं, काप. चाचांनी कात्री घेतली नाही. शेपट्या आत दुमडल्या, कच्चे टाके घातले, वरून इस्त्री फिरवली. कोट कमरेपर्यंत आला. तो साहेब मुंबईपर्यंत रोज तोच कोट घालून जेवला, आणि टाके ढिले झाले की चाचा रोज पुन्हा घालत. मी विचारलं, कापूनच का नाही दिला? तर म्हणाले, "आन फॅशन फिरी उनी तं? शेपटी कोठून आनू?"

सुट्टीवर आम्ही बरोबरच येत असू, सुरतेवरून तापीकाठच्या गाडीने. नंदुरबारला ते उतरले की आधी मला घरी नेत, चहा पाजत, मगच कोरीटला सोडत. घरी हमीदाचाची. बुटकी, गोल, तोंडाची फटकळ. चाचांना बोटीची एक खोड लागली होती. संध्याकाळी जेवणाआधी हातपाय धुऊन अंगावरची बंडी बदलायची. दुसरी बंडीही तितकीच चुरगळलेली असे, पण बदलल्याशिवाय जेवायला बसायचं नाही. चाची चुलीजवळूनच ओरडे, "साहेब उनात! काटा-चमचा काढा! आते भाकरले बी सलाम करतीन!" शेजारच्या बायका भिंतीवरून डोकावून हसत. चाचाही हसत, पण बंडी बदलत.

त्याच घरात मी ती दोन कापडं पहिल्यांदा पाहिली.

गावातले एक हाजी मक्केहून येताना दोघा नवरा-बायकोसाठी कफनाचं कापड घेऊन आले होते. तलम, पांढरं, न फाडलेलं, दोन्ही सारखंच. तिथल्या जमजमच्या विहिरीच्या पाण्यात भिजवून वाळवलेलं. आमच्याकडे गंगेच्या पाण्याला जो मान, तसा त्यांच्याकडे त्या पाण्याला. असं कापड अंगावर घेऊन मातीत जाणं म्हणजे माणसाने काहीतरी कमावलं, असं चाची मला समजावून सांगत होती. वर्षातून एकदा, पावसाळा सरून चाचा सुट्टीवर आले की ती दोन्ही कापडं अंगणात दोरीवर घाले. धुवायचं मात्र नाही. धुतलं की ते पाणी जातं.

चाचांचं कापड चाचांच्या पेटीतच असे, बोटीवरही. हा चाचीचा हुकूम. बोटीवर कुणी मेलं तर त्याला शिडाच्या कापडात शिवून, पायाशी लोखंड बांधून समुद्रात सोडतात, हे कुणीतरी तिला सांगितलं होतं. ती मला म्हणाली होती, "मट्टी तं नही भेटाव, सुकलाल. निदान कपडा तं आपला ऱ्हावो." खेपेला निघताना ती आधी कापड पेटीत ठेवी आणि मग भाकऱ्या.

मी चाचांना विचारलं होतं, रोज मरणाचे कपडे उशाशी घेऊन झोपता, भीती नाही वाटत?

"कसाले भ्यावानं? समदा पोशाख बदलस. ह्याच एक शे ज्याले ना शेपटी, ना खिसा. फॅशन बदलनी तरी माले फेडी टाकाले कोनी सांगाव नही."

मग दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधीच्या वर्षांत कंपनीने नवीनच काढलं. सैरसपाट्याच्या सफरी. लोक बोटीवर चढत, समुद्रात भटकत आणि जिथून निघाले तिथेच परत उतरत. चाचांना हे काही केल्या उमगेना. "जावानं कोठेच नही, तं चढनात कसाले?" या सफरींत रोज रात्रीचा नियम सुटला. एखाद-दोन रात्री काळा कोट, एक रात्र पांढरा, बाकी मर्जी. आणि एक रात्र सोंगांची. त्या रात्री ज्याला जे व्हायचं ते व्हावं. कुणी समुद्रावरचा लुटारू, कुणी भिकारी, कुणी राजा. हीच हवा मग नेहमीच्या खेपांनाही लागली.

"आपल्याकडे भवाड्यात देवांचे मुखवटे घालून नाचतात, तशीच सोंगं ना?" मी म्हणालो.

"तसंच. फक्त आपला भवाडामा देव येतस. आठे आपूनच."

ते खरंच होतं. साहेबांना सगळ्यात जास्त हौस आमच्यासारखं व्हायची. अरब, शेख, महाराजा. त्या रात्री चाचांना कोटांपेक्षा पागोट्यांचं काम जास्त. सारंगखेड्याच्या जत्रेत घोडेवाल्यांची पागोटी बघून त्यांचा हात बसलेला. चादरीचं, पडद्याचं, मिळेल त्याचं पागोटं ते अशा ऐटीत बांधत की साहेब आरशापुढून हलेना.

आणि अशाच एका खेपेला, विलायतेहून मुंबईला येताना, तांबड्या समुद्रात ते घडलं.

तिथली हवा दमट आणि गरम, भिंतींना पाणी सुटतं. चाचांना पेटीतल्या कापडाला बुरशीचा वास आला. त्यांनी ते इस्त्रीखोलीत दोरीवर पसरलं आणि नमाजाला गेले. मी खाली धुलाईखान्यात. तेवढ्यात पेद्रू आला. वर एका पाहुण्याला महाराजा व्हायचं होतं आणि चादरी जाड पडत होत्या. दोरीवर तलम पांढरं कापड दिसलं, इस्त्रीखोलीतलं कापड म्हणजे बोटीचंच असणार. तो घेऊन गेला. त्याच्या जागी मी असतो तर मीही नेलं असतं.

चाचांना पागोटं बांधायला वर बोलावणं आलं. त्या रात्री कामाची घाई, म्हणून कपड्यांचं ओझं घेऊन मी त्यांच्या मागे होतो. खोलीत एक म्हातारे साहेब पलंगावर बसलेले. पांढऱ्या भुवया, बोलणं हळू. त्यांनी चाचांना हात जोडून नमस्ते केलं. तसं तिथे कुणी करत नसे. आणि पलंगावर ते कापड.

चाचा दारातच थांबले. माझ्याकडे वळून बघितलं. मी कापड ओळखलं आणि हातातलं ओझं खाली ठेवलं.

साहेब हसून काहीतरी म्हणाले. कापड सुंदर आहे, असं काहीसं. त्यांनी स्वतःच एक टोक उचलून कपाळाला लावून दाखवलं. म्हणजे लागलंच होतं डोक्याला.

पेद्रू मागून आला. मी त्याच्या कानात सांगितलं. त्याने छातीवर क्रूस केला. "मी सांगतो साहेबाला. आत्ता सांगतो."

चाचांनी त्याचा दंड धरला. पेद्रूला अहिराणी तुटपुंजीच कळे, म्हणून ते माझ्याशी बोलले. "काय सांगी तो त्याले? तुन्हा डोकाले मुर्दाना कपडा लागना म्हणी? म्हातारा शे. जागावरच मरी जाई."

आणि मग त्यांनी पागोटं बांधलं. मला वाटलं होतं, पागोटं वाकडंतिकडं होईल. तसं काही झालं नाही. कापड सैल धरून बांधणं त्यांना येतच नव्हतं. नवरदेवाला बांधावं तसं बांधलं, पेच एकावर एक, आणि मागे खांद्यावरून पुढे येईल असा लांब शेमला, पागोट्याचं मोकळं टोक, सोडला. साहेबांनी आरशात बघितलं आणि चाचांच्या पाठीवर थोपटलं.

खाली आल्यावर चाचा इस्त्रीच्या टेबलापाशी बसून राहिले. कापडाचं काही बोलले नाहीत. बोलले ते साहेबाचंच. "जित्ता मानूसना डोकावर मी कफन बांधं, सुकलाल. त्याले काही व्हयनं तं?" पेद्रू वरून जेवणाची ताटं घेऊन येई-जाई, त्याला दर खेपेला विचारत, "म्हातारा साहेब जेवस ना?" सकाळी पहिला प्रश्न, "त्यानी चहा लिधा का?"

साहेबांनी चहा घेतला होता. उलट ते स्वतःच कापड हातात घेऊन खाली आले. जिन्यावरून धापा टाकत. त्यांनी माफी मागितली, बिस्किटांचा डबा दिला. जेवताना वाकले तेव्हा तो लांब शेमला दारूच्या पेल्यात पडला होता. कापडाच्या टोकाला हातभर लाल डाग.

साहेब गेल्यावर चाचांनी कापड माझ्यापुढे केलं.

"तू परीट शे. तुन्हा धंदा शे. सांग."

"निघेल चाचा. ताजा आहे. पण धुवावं लागेल."

"धुवं तं पानी जास," चाचा म्हणाले. "नही धुवं तं दारू ऱ्हास."

मला डाग काढता येतात. यातलं कुठलं काढायचं आणि कुठलं ठेवायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. नुसतं टोक धुऊन बघू म्हणालो, पण दारूचे शिंतोडे घडीघडीला उमटलेले होते. टोक कापून टाकू म्हटलं, तर न फाडलेलं कापड तसंच जायला हवं, असं चाचीचं म्हणणं त्यांना आठवलं. खलाशांत कोकणातले एक नमाजी बुजुर्ग होते, त्यांना विचारलं. ते म्हणाले, "तीन पाण्यातून काढा, कापड पाक झालं. शंका नको."

"आन जमजम?" चाचांनी विचारलं.

"ते आपल्या मनात राहतं, गफूरभाई."

"बरोबर," चाचा म्हणाले. पण त्यांचा चेहरा काही बरोबर झाला नाही.

मी गोडं पाणी घेतलं, खाऱ्या पाण्यात साबण फेसत नाही. आपटलं नाही, पिळलं नाही, सोडा जपून, नीळ बिलकूल नाही. माझ्या पोरीला आंघोळ घालावी तसं धुतलं. चाचा शेजारी उभे. पहिलं पाणी गुलाबी झालं. मी बादली मोरीकडे नेली तसे ते पुढे आले.

"कोठे टाकस?"

"मोरीत."

"त्यामा जमजम बी शे ना रे."

आम्ही दोघं त्या बादलीकडे बघत उभे राहिलो. दारू होती म्हणून ठेवता येईना, आणि जमजम होतं म्हणून टाकता येईना. शेवटी दोघांनी धरून ती मागच्या डेकवर नेली. सूर्य बुडत होता. बोटीच्या डाव्या अंगाला, लांब, जिथे काहीच दिसत नव्हतं, तिकडे अरबांचा मुलूख आहे असं खलाशी सांगत. चाचांनी तोंडाने काहीतरी पुटपुटत बादली त्या अंगाला कठड्यावरून हळूहळू ओतली. वाऱ्याने निम्मं आमच्याच अंगावर उडालं. वर बॅन्ड सुरू झाला होता, जेवणाची वेळ. पांढऱ्या कोटांतली दोन माणसं वरच्या कठड्याला टेकून आमच्याकडे बघत होती. त्यांना वाटलं असेल, धोबी घाण पाणी फेकताहेत.

कापड वाळलं तेव्हा डाग गेला होता. इतका स्वच्छ गेला की मला क्षणभर बरं वाटलं. चाचांनी ते इस्त्री न करता जुन्या घडीवर घडी घालून पेटीत ठेवलं. "तुन्ही चाचीले काही सांगू नको," ते म्हणाले. आणि लगेच, "मी बी नही सांगाव. कसं सांगू?"

मुंबईला उतरलो, सुट्टी मिळाली. मी कोरीटला गेलो आणि परतीच्या दिवशी नंदुरबारला त्यांच्याकडे आलो. चाचांची सुट्टी अजून शिल्लक होती, मला एका दुसऱ्या बोटीवर बोलावणं होतं. तीच बोट मला मोंबासाला घेऊन गेली. मग लढाई लागली, उतारूबोटींवर फौज चढली, संध्याकाळचे पोशाख कुणाला सुचतात? नंदुरबारहून पत्र आलं नाही, दोघांनाही लिहिता येत नसे, आलं असतं तर कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं असतं. त्या दोघांत आधी कोण गेलं, गेलं की नाही, मला कळलं नाही. म्हणून परतीच्या दिवसाची ती दुपार माझी त्यांच्याबरोबरची शेवटची.

पावसाळा सरला होता. चाचीने अंगणात दोरी बांधली होती. आधी तिने आपलं कापड पसरलं. इतक्या वर्षांत ते सायीसारखं पिवळसर झालेलं. मग चाचांच्या पेटीतलं काढलं आणि शेजारी पसरलं.

ते बगळ्यासारखं पांढरं होतं.

मी ओट्यावर बसलो होतो, चाचा अंगणात उभे. मला पळून जावंसं वाटलं. मी नीळ घातली नव्हती, सोडाही जपून घातला होता. तरी एवढं पांढरं!

चाचीने एकदा याला हात लावला, एकदा त्याला. मग नाकाशी नेऊन वास घेतला.

"हाई इतलं धवळं कसं?"

सबंध आयुष्य परक्या लोकांना कुठल्या संध्याकाळी काय घालावं हे बिनचूक सांगणारा तो माणूस बायकोपुढे एक शब्द काढू शकला नाही. मी म्हणालो, "चाची, त्यात चाचांचा दोष..." पण माझंही पुढे सरकेना. साहेब, महाराजा, पेला, शेमला, यातलं त्या अंगणात काय सांगायचं?

चाची माझ्याकडे बघत राहिली. माझ्या हातांकडे.

"तुन्हा हात चांगला शे, भाऊ," ती म्हणाली. रागाने नाही.

मग तिने दोन्ही कापडं दोरीवरून काढली. पांढऱ्याची घडी घातली आणि ती आपल्या काखेत धरली. पिवळसर कापडाची घडी चाचांच्या हातांवर ठेवली.

"हमीदा, नही," चाचा म्हणाले. "ते तुन्हं शे."

"तुमी पानीवर जातस. मी आठेच शे. कोनी हाजी परत जाई तं मांगी लिसू."

"कोन जाई?"

"जाई कोनी ना कोनी," ती म्हणाली आणि पांढरं कापड घेऊन आत गेली. आत पेटीचं झाकण पडल्याचा आवाज आला.

माझ्या गाडीची वेळ होत होती. मी येतो म्हणालो, चाचांनी मान हलवली की नाही मला कळलं नाही. कोपऱ्यावरून वळून बघितलं तर ते तिथेच, रिकाम्या दोरीखाली, दोन्ही हात पुढे केलेले आणि हातांवर तिचं कापड. जवळ घ्यावं असं त्यांना वाटत नव्हतं, आणि खाली ठेवायला त्यांना जागा दिसत नव्हती.